गाव फितूर नव्हतं

नाना, आधी तुमचं नाव लिहिते. परदेशातल्या या व्हिटबीत मला आधार कुणाचा होता, तर नाना जगतापांचा. बाकीचे वाईट होते असं नाही. पण स्वयंपाकाला आलेल्या बाईला टेबलाची खुर्ची ओढून "बस, तुझंही ताट घे" म्हणणारे तुम्ही एकटे. सातवीत शाळा सुटलेली मी. सिटिझनशिपच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. ते पुस्तक काढायला लावलंत आणि रोज डाळ शिजेपर्यंत एक पान मोठ्यांदा वाचून घेतलंत. "हळू वाच. पळतीयेस कशाला, मागं कोण लागलंय?" आज माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, तो तुमच्यामुळे. हे आधी लिहून टाकलं, कारण पुढचं लिहिताना माझं डोकं फिरणार आहे, आणि त्या रागात आभार राहून जातील.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. गेल्या रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. शोकसभा म्हणायची आपली. दारातच तुमचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा फोटो उभा केला होता, अठरा वर्षांचा, लष्करी टोपीतला. लोक त्या पुठ्ठ्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढत होते. केकवर साखरेचं पॅराशूट. आणि कागदी नॅपकिनवर लाल शिक्का छापलेला, 'टॉप सिक्रेट'. माझेच बटाटेवडे लोक त्या नॅपकिनवर घेऊन खात होते आणि तेलाने तो शिक्का फाकत होता. खरंच सांगते, वॉशरूममध्ये जाऊन बेसिन धरून उभी राहिले थोडा वेळ.

स्टेजशेजारी मोठा बोर्ड होता. वर लिहिलेलं, 'व्हिटबीचा मराठी गुप्तहेर'. खाली बरंच काही, आणि मधोमध हे वाक्य: 'गावकऱ्यांनी फितुरी केली, सोबती मारला गेला, तरी नाना डगमगले नाहीत.'

माझ्या पर्समध्ये तुमचा कागद होता. तुम्ही सांगितलेला, मी लिहून घेतलेला. त्यात या वाक्याच्या बरोबर उलटं आहे. तो मी सगळ्यांसमोर वाचायचा, असं आपलं ठरलं होतं.

मी नाही वाचला.

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला पाठवणार आहे. बोर्ड बघितलेली माणसंच ते वाचतील, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही सांगावं लागेल. कंटाळू नका.

विजयदादांकडे, म्हणजे तुमच्या मुलाच्या घरी, मी स्वयंपाकाला आणि दिवसभर तुमच्या सोबतीला यायला लागले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की आजोबा मिलिटरीत होते आणि भात खात नाहीत. मला वाटलं, शुगर असेल. एकदा दादांकडे पाहुणे येणार म्हणून मी पातेल्यात भात लावला, फोनवर आईशी बोलत बसले, आणि भात करपला. धूर झाला, तो छताचा अलार्म बोंबलायला लागला. मी टॉवेल हलवत होते. मागे वळून पाहते तर तुम्ही खुर्चीत नाही. बाहेर बर्फ पडलेलं, आणि स्लिपरचे ठसे ड्राइव्हवेवरून गॅरेजकडे गेलेले. तुम्ही विंटर टायर्सच्या ढिगावर बसला होतात, नाकावर मफलर दाबून.

"नाना, आत चला, गारठाल."

"तो वास जाऊ दे आधी."

"जाईल हो. खिडक्या उघडल्यात सगळ्या."

"नाही जात. सत्तर वर्षं झाली, नाही गेला."

तिथे त्या टायरांवर बसून तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या पत्नी, काकू, होत्या तेव्हा त्यांनाही नाही. लढाई संपल्यावर तुमच्याकडून सही घेतली होती की याबद्दल तोंड उघडायचं नाही, आणि तुमचं असं की सही म्हणजे सही. "मग मला का सांगताय?" मी विचारलं. "तू भात जाळलास म्हणून," तुम्ही म्हणालात. आणि त्या गारठ्यात आपण दोघंही हसलो. ते हसू मला आठवतं. पुढचं ऐकल्यावर बरेच दिवस मला हसायला आलं नाही.

जपान्यांशी लढाई चालली होती. तुम्ही साताऱ्याकडचे, तेव्हाची फायनल परीक्षा पास, बोटं चपळ म्हणून वायरलेसवर घेतलेले. मग तिथून उचलून कुठल्याशा गुप्त पथकात. पथकाचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. विमानातून छत्रीने ब्रह्मदेशच्या डोंगरात उतरायचं, जपान्यांच्या पाठीमागे, आणि तिथून बातम्या पाठवायच्या, एवढं मला कळलं. वर कड्यावर एक गोरा साहेब, तुम्ही आणि चार-पाच जण. खाली गावात तुमचा दोस्त बाळू, दुसरा वायरलेस घेऊन, एका घराच्या माळ्यावर लपलेला. गावातली बायका-माणसं रोज बांबूच्या नळीत भात भरून वर कड्यावर आणून द्यायची. सहा आठवडे. स्वतःच्या पोरांच्या तोंडचा.

तुमच्या कामाची एक रीत होती. कुठलाही संदेश पाठवताना अक्षरांचा तिसरा गट मुद्दाम दोनदा पाठवायचा. ऐकणाऱ्या परक्याला वाटावं, गडी चुकला. "ती चूक असली की समजायचं, आपला माणूस मोकळा आहे. चूक नसली की समजायचं, त्याला धरलाय, आणि कुणीतरी मानेवर बंदूक ठेवून पाठवायला लावतंय." तुम्ही टायरवर बोटाने टकटक करून दाखवलंत. मला ती गंमत वाटली होती तेव्हा.

एका सकाळी बाळूचा संदेश आला. गावामागच्या शेतात विमानातून माल टाका. बोटं बाळूचीच, प्रत्येकाची टकटक वेगळी असते म्हणालात, आवाजासारखी. पण तिसरा गट एकदाच आला. सगळा संदेश कसा स्वच्छ.

"साहेबाला म्हटलं, साहेब, चूक नाही. बाळूला धरलाय."

"मग?"

"साहेब म्हणला, घाईत विसरला असेल. कळव त्याला, खूण राहिली तुझी, पुढच्या खेपेला घाल."

"आणि तुम्ही?"

तुम्ही मफलरची दशी ओढत राहिलात. मग म्हणालात, "पाठवलं."

बाळूची कोडची वही जपान्यांच्या हातात होती, तुमचा निरोप त्यांनी वाचला. म्हणजे बाळूने जिवावर उदार होऊन त्यांना फसवलं होतं, आणि ते त्यांना कळवलं तुम्ही. दुसऱ्या दिवशी खालून धूर दिसायला लागला. दोन दिवस धूर. जपानी निघून गेल्यावर तुम्ही खाली उतरलात, तर गाव नव्हतं. माणसं किती गेली ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, फक्त धान्याच्या कणग्यांचं सांगितलंत. आतून धुमसत होत्या. तो वास.

आणि एक गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात. वरच्या कड्याची वाट त्या गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होती. त्यांना मारलं, जाळलं, पण कड्यावर कुणी आलं नाही. "गाव फितूर असतं तर मी तुझ्या हातची भाकरी खायला उरलो असतो का?" यापेक्षा मोठा पुरावा काय असतो, नाना? माझ्यासारखीलाही कळतो.

पण साहेबाने रिपोर्टात लिहिलं, गाव फितूर झालं म्हणून आमचा माणूस गेला. स्वतःची चूक त्या मेलेल्यांच्या अंगावर ढकलून मोकळा. आणि तो रिपोर्ट कोडात घालून पाठवला कुणी? परत तुम्हीच. "एका आठवड्यात दोनदा, पोरी. दोनदा याच बोटांनी घाण केली."

मला तुमची दया यायला हवी होती. तशी आली नाही. मी म्हटलं, "पण तुम्हाला कळलं होतं ना? मग दाबायचा नव्हता तो वायरलेसचा खटका."

"हुकूम होता."

"हुकूम होता म्हणून काय झालं? नाही म्हणायचं."

"तुला काय कळतंय लष्करातलं! सातवी शिकलेली बाई तू."

एवढ्या वर्षांत माझी सातवी तुम्ही कधी काढली नव्हतीत. मी कोट घातला आणि निघाले. दोन दिवस मी यायची, पोळ्या करायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर ओट्यावर माझा कप भरून ठेवलेला, चहा पार गार झालेला. किती वाजल्यापासून करून ठेवला होतात कोण जाणे. मी तो गारच प्यायले. पण ते भांडण तिथेच राहिलं. तुम्ही बरोबर होतात असं मी म्हटलं नाही, आणि मी बरोबर होते असं तुम्हीही म्हटलं नाही.

मग या देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं वर्ष आलं आणि इथे ज्याला त्याला इतिहासाचा ताप चढला. मंडळाचे देशपांडेकाका, रिटायर्ड इंजिनिअर, माणूस तसा गोड. त्यांनी इंग्लंडहून जुन्या, आता खुल्या झालेल्या कागदांच्या प्रती मागवल्या, त्यात तुमचं नाव सापडलं. शिवाय आपल्या व्हिटबीच्या तळ्याकाठी लढाईच्या काळात गुप्तहेरांना शिकवायची छावणी होती. झालं, दोन्हीची सांगड घातली त्यांनी. तुम्हाला व्हीलचेअरमध्ये घालून त्या पार्कात नेलं. तिथे आता नुसतं गवत, एक दगड आणि हंस.

"नाना, तुमचं ट्रेनिंग इथंच झालं असणार बघा!"

"देशपांडे, हे गाव मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी सत्तरी झाली होती."

"पण फील्ड तर सेम ना! मुलांना रिलेट होतं हो."

"या जागेत मी फक्त ही हंसांची घाण तुडवलीये. तेवढं लिहा."

काका पोट धरून हसले. बोर्डावर या छावणीच्या फोटोशेजारीच तुमचा फोटो आहे, सांगून ठेवते.

त्याच आठवड्यात त्यांनी तो रिपोर्ट आणून तुमच्या मांडीवर ठेवला, मोठ्या कौतुकाने. तुम्ही चष्मा लावून वाचलात. एकेक शब्द तुम्ही स्वतः पाठवलेला. "हे खोटं आहे," तुम्ही म्हणालात. काका जरा चपापले, मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "नाना, ऑफिशियल डॉक्युमेंट आहे हे. सत्तर वर्षांनी मेमरी थोडी इकडेतिकडे होणारच ना." तुमचा चेहरा मी पाहिला. साहेब परत आल्यासारखा.

ते गेल्यावर तुम्ही मला वही आणायला सांगितलंत. तुमचे हात थरथरायचे, म्हणून मी लिहिलं. तीन दुपारी लागल्या आणि पान एकच झालं, कारण तुम्ही सारखे म्हणायचात, "हे खोड. रडगाणं नको, जे झालं ते लिही." शेवटी उरलं ते असं:

'त्या गावाने आम्हाला सहा आठवडे जेवू घातलं. माझा सोबती पकडला गेला हे मला कळलं होतं. साहेबाने ऐकलं नाही आणि मी हुकूम मानून संदेश पाठवला. त्यामुळे माझा सोबती मेला. गावाने मरेपर्यंत आमची वाट दाखवली नाही. गाव फितूर नव्हतं. रिपोर्ट खोटा आहे, आणि तो मी पाठवला.'

खाली तुम्ही सही केलीत. वाकडीतिकडी, पण केलीत. "मी मेल्यावर हे लोक काहीतरी करणारच. तेव्हा उभी राहून वाचशील ना?" आणि मी काय म्हटलं? "वाचीन हो, आधी ती गोळी घ्या." इतकं सहज. जणू तुम्ही कोथिंबीर आणायला सांगत होतात.

रविवारी हॉलमध्ये मी विजयदादांकडे गेले. म्हटलं, "दादा, नानांचा कागद आहे, दोन मिनिटं वाचू?" त्यांना कागदाचं माहीत होतं, तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी माझा दंड धरून जरा बाजूला घेतलं. "सुनंदा, आज नको गं. सगळे आधीच इमोशनल आहेत. आणि बाबा शेवटी शेवटी कन्फ्यूज्ड होते, यू नो."

नाना, तुम्ही कन्फ्यूज्ड नव्हतात. तुमच्या गोळ्या तुम्ही स्वतः मोजून घ्यायचात आणि माझ्या पुस्तकातले सगळे पंतप्रधान ओळीने म्हणून दाखवायचात. हे मला माहीत होतं, दादांनाही माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं, "नाही दादा, मी वाचणार." मी म्हटलं, "बरं." एवढंच. त्या हॉलमधली निम्मी घरं माझ्याकडून डबे घेतात. समोर डॉक्टर, प्रोफेसर, इंजिनिअर बसलेले, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगायचं की तुमचा बोर्ड खोटा आहे? मी मागच्या किचनमध्ये गेले आणि कढया घासायला लागले. बाहेर देशपांडेकाका माइकवर ते फितुरीचं वाक्य वाचत होते, लोक टाळ्या वाजवत होते. जळालेल्या माणसांच्या नावावर थुंकल्यासारख्या त्या टाळ्या. पाणी इतकं गरम होतं की हात लाल झाले, तरी मी काढले नाहीत.

मला किळस त्या केकची आली होती, नॅपकिनची आली होती. पण सगळ्यात जास्त कुणाची आली, ते तुम्हाला सांगायला नको. गॅरेजमध्ये तुम्हाला तोंड वर करून विचारणारी मीच ना, की नाही म्हणायला काय झालं होतं? माझ्या मानेवर कुणी बंदूकही धरली नव्हती. दादांनी नुसता दंड धरला होता, तोही हळूच.

म्हणून तुम्ही बरोबर होतात, असं मात्र मी आजही म्हणणार नाही. तुम्ही चुकलात. मीही चुकले. तुम्हाला माफ करणं माझ्या हातात नाही, ते त्या गावाच्या हातात होतं. पण तुम्ही सत्तर वर्षांनी का होईना सगळं स्वतःच्या नावावर लिहून खाली सही केलीत. मी ज्यांच्याकडे आजवर कामं केली, त्यातल्या कुणाला एवढं करताना मी पाहिलेलं नाही.

सामान गाडीत ठेवताना तुमची नात रिया मदतीला आली. माझी पर्स उलटली आणि कागद तिच्या पायाशी पडला. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. "इज धिस आजोबाज सिग्नेचर?" म्हणाली. मग मी तिथेच, पार्किंग लॉटमध्ये, डिकी उघडी ठेवून, तिला वाचून दाखवलं. मोठ्यांदा. पहिल्यांदा. वारा असा की कागद दोन्ही हातांनी धरावा लागला.

"धिस इज नॉट ऑन द बोर्ड, सुनंदामावशी."

"नाही."

"बट ही साइन्ड इट."

"हो."

"देन व्हाय?" तिने कागदाचा फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर माझ्याकडून परत वाचून घेऊन सगळा कागद इंग्रजीत करून मला पाठवला. रात्रपाळीहून आलेल्या माझ्या नवऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, "हे तू वाचलं नाहीस?"

काल विजयदादांना फोन केला. आधी ते चिडले. "बाबांना हिरो राहू दे ना, सुनंदा. कुणाचं काय बिघडतंय?" मी म्हटलं, "दादा, त्या गावाचं बिघडतंय." या वेळी म्हटलंच. मग ते म्हणाले, "बाबांनी मला हे कधीच नीट सांगितलं नाही गं. तुला सांगितलं." आणि नाक ओढल्याचा आवाज आला. नाना, त्यांच्यावर रागावू नका. बापाचा एवढा भार त्यांना एकदम झेपला नाही, इतकंच. बोर्ड काढा असं ते म्हणाले नाहीत, पण मला 'वाचू नकोस' असंही म्हणाले नाहीत.

नोव्हेंबरात लढाईतल्या लोकांच्या आठवणीचा आठवडा असतो, तेव्हा तो बोर्ड इथल्या लायब्ररीत लागणार आहे. मी देशपांडेकाकांना भेटून आले. "पाच मिनिटं देतो, पण इंग्रजीत बोलावं लागेल हं," असं त्यांनी बजावलं. त्यांना वाटलं, मी माघार घेईन. मी हो म्हटलं. घाबरलेय, खोटं कशाला बोलू. माझं इंग्रजी ऐकून लोक हसतीलही. हसू देत. तुम्ही मला या देशात ताठ बसायला जागा करून दिलीत. त्या गावाला तुमच्या हयातीत तेवढीही जागा कुणी दिली नाही. ती मी मागणार आहे. ते वाक्य बोर्डावरून उतरेपर्यंत मागत राहणार आहे, लायब्ररीत, मंडळात, जिथे तो बोर्ड जाईल तिथे. तुमचे उपकार एवढ्याने फिटणार नाहीत, पण नाना, मी ते फेडीन.